चौथ्या पायाखालचा कागद

मी एक जुना लोखंडी स्टूल आहे. बसायला मी फारसा सोयीचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला पाठ नाही, हात नाहीत आणि माझा चौथा पाय बाकीच्या तिघांपेक्षा अर्धं बोट आखूड आहे. मित्रांनो, ही गोष्ट त्या पायाचीच आहे.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. मला जोडलं धाकू नावाच्या वेल्डरनं. तो माझा चौथा पाय लावत होता तेवढ्यात पाचचा भोंगा झाला.

"अरे, एवढा पाय बसवून जा ना!" मुकादम ओरडला.

"भोंगा झाला," धाकूनं काळा चष्मा कपाळावर चढवला. "आता माझा मामा येऊन बसवील."

तरी त्याला माझी दया आली असावी. जाता जाता त्यानं घाईत तो पाय जरा वरच धरून वेल्डिंगचे दोन टाके मारले आणि डबा उचलून तो चालू लागला. मी लंगडा झालो, पण धाकूवर माझा राग नाही. आपलं काम कुठे संपतं हे ठाऊक असलेला माणूस मला पुढे फारसा भेटला नाही.

तिथून मी पार्ल्याला एका प्राध्यापकांच्या घरी आलो. विद्याधर सर कॉलेजात मराठी शिकवत. त्यांच्या पत्नी मृणालिनी वहिनी बँकेत होत्या. पहिली दोन वर्षं माझ्यावर उभं राहून लोक दिवे बदलत आणि माळ्यावरचे डबे काढत. माझ्यावर कोणी बसत नसे. बसायला त्यांच्याकडे सहा खुर्च्या होत्या.

ब्याऐंशी साली सरांचे वडील भाऊराव अंघोळ करताना पडले. त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मग त्यांना सांभाळायला सुगंधाबाई आल्या. त्यांचे यजमान काशीराम गिरणीत होते आणि त्या वर्षी गिरण्यांचा संप चालू होता. सुगंधाबाईंनी एका महिला संस्थेत सहा महिन्यांचं रुग्णसेविकेचं शिक्षण घेतलं होतं. माणसाला कूस कशी बदलवायची, जखम होऊ न देता अंग कसं पुसायचं, घास कुठल्या बाजूनं द्यायचा, हे सगळं त्या शिकून आल्या होत्या. वहिनींनी त्यांना प्रेमानं सांगितलं, "आता हे तुमचंच घर समजा हं." आणि बसायला मला पुढे केलं.

संस्थेनं त्यांच्याबरोबर एक छापील कागद दिला होता. नेमणुकीची तारीख, कामाचे तास, आठवड्याची एक सुटी, वर्षाची रजा, दरवर्षी पगारवाढ. खाली कामावर ठेवणाऱ्याची सही. सरांनी सही केली खरी, पण हसून म्हणाले, "असल्या कागदांची आपल्यात काय गरज?" कागद टेबलावर राहिला.

दोन दिवसांनी मी डुगडुगतो अशी वहिनींची तक्रार आली. भाऊरावांना भरवताना टक् टक् आवाज होई. वहिनींनी हाताला लागला तो कागद उचलला, त्याच्या आठ घड्या केल्या आणि तो माझ्या चौथ्या पायाखाली सरकवला. आवाज थांबला. आपल्याला आता चारही पाय सारखे मिळाले म्हणून मी खूश झालो. लाज वाटते, पण झालो.

त्यानंतर मी त्या कागदावर सहा वर्षं उभा होतो.

सर त्या काळात वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. गिरणी कामगारांच्या रजा, त्यांची पगारवाढ, त्यांचा सन्मान. फार सुंदर पत्रं असत. लिहून झाली की ते मोठ्यानं वाचून दाखवत. पलीकडच्या खोलीत एका गिरणी कामगाराची बायको त्यांच्या वडिलांची चादर बदलत असे. तिलाही ती पत्रं आवडत. दिवाळीला बोनस म्हणून तिला साडी मिळे. वहिनी संध्याकाळी बँकेतून आल्या की पर्स टाकत म्हणत, "आज पुन्हा माझी कॅज्युअल रजा नामंजूर केली मेल्यांनी. माणसं आहोत की यंत्रं?" सुगंधाबाई म्हणत, "खरंच हो वहिनी," आणि चहा टाकत. चहा करणं त्यांच्या कागदात नव्हतं. पण कागद कुठे होता, ते मी सांगितलंच.

घरात एकच माणूस चौकशी करी. भाऊराव रेल्वेतून निवृत्त झालेले. जीभ वळत नसे, तरी रोज सकाळी विचारत, "आज वार कुठला?"

"गुरुवार, आजोबा," सुगंधाबाई सांगत.

"हं."

पण रविवार आला की त्यांचा डावा हात वर होई. "मग तू का आलीस?"

"तुम्हांला तरी कुठे रविवार आहे?" सुगंधाबाई हसत म्हणत. "तोंड उघडा बघू. आज मऊ भातात तूप जास्त आहे."

भाऊराव तोंड मिटून घेत. पहिला घास ते कधीच सहज घेत नसत. मला वाटतं, घरातला तेवढाच निषेध होता.

सहा वर्षांत त्यांच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. डॉक्टर म्हणत, हे इस्पितळातही जमत नाही. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये भाऊराव गेले. सुगंधाबाईंच्या हातात गेले.

त्याच महिन्यात अंधेरीत एक नवं इस्पितळ उघडत होतं. त्यांना वॉर्डासाठी कायम नोकरीवर बायका हव्या होत्या. आठवड्याची सुटी, भरपगारी रजा, प्रॉव्हिडंट फंड. वयाची अट पस्तिशीची होती आणि सुगंधाबाई एकोणचाळीस. पण पाच वर्षं हेच काम केल्याचा दाखला असेल तर वय चालणार होतं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.

"सर, दोन ओळी लिहून द्याल?"

"दोन कसल्या?" सरांनी पेन काढलं. त्यांनी पानभर लिहिलं आणि सगळ्यांना बसवून वाचलं. 'सुगंधाताई आमच्याकडे कधीच नोकर नव्हत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, रजा मागितली नाही. माझ्या वडिलांना उतारवयात एक लेक मिळाली.' वहिनींनी डोळे पुसले. सुगंधाबाईंनीही पुसले.

बुधवारी त्या इस्पितळातून परत आल्या आणि थेट माझ्यावर बसल्या.

"काय झालं गं?" वहिनींनी विचारलं.

"तिथले क्लार्क आहेत, श्यामसुंदर म्हणून. ते म्हणाले, बाई, पत्र झकास आहे, माझ्या मुलीच्या लग्नात वाचीन. पण ह्यात तुम्ही कामाला होतात असं कुठंय? ह्यात तर साफ लिहिलंय, नोकर नव्हत्या. लेकींना आम्ही भरती करत नाही." त्या सरांकडे वळल्या. "सर, तेवढंच लिहा ना. नोकरी केली, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत."

सरांचा चेहरा उतरला. "नोकरी? ह्या घरात? माझा हात नाही वळत गं."

वहिनी बँकेतल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आणि नोकरी लिहिलं की सहा वर्षांच्या सुट्यांचं कोणी विचारलं तर?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"मग तो छापील कागद तरी?" सुगंधाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सही केली होतीत तो. संस्था तर बंद पडली, नाहीतर तिथून आणला असता."

त्या कागदाला मात्र कोणाची हरकत नव्हती. उलट सरांना हायसं वाटलं; स्वतःच्या हातानं 'नोकरी' लिहायला नको, आणि त्यावर सुट्या तर छापलेल्याच होत्या. मग शोधाशोध झाली. कपाट उपसलं, फायली झाडल्या. सरांच्या छापून आलेल्या पत्रांची कात्रणं निघाली, तारीखवार लावलेली. कागद निघाला नाही. मित्रांनो, सगळा वेळ सुगंधाबाई माझ्यावर बसून होत्या. त्यांच्या पावलापासून तो वीतभर अंतरावर होता. मी डुगडुगायचा प्रयत्न केला. पण कागद इतका घट्ट बसला होता की मला साधं टक् करता आलं नाही.

शेवटी वहिनींना फार वाईट वाटलं. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? त्या म्हणाल्या, "हा स्टूल घेऊन जा तू. आठवण म्हणून. तुझाच होता ना तो?"

सुगंधाबाईंनी मला उचललं. खाली फरशीला चिकटलेला एक काळा चौकोनी गठ्ठा राहिला, सहा वर्षांच्या फिनेलनं आणि पाण्यानं कुजलेला. तरी आतल्या घड्यांमध्ये सही शिल्लक असावी. मला तसं वाटतं.

"शी, किती घाण ती," वहिनी म्हणाल्या.

"थांबा, मी काढते," सुगंधाबाई म्हणाल्या. सवयच ती. त्यांनी वाकून तो नखानं खरवडला आणि मला काखेत मारून निघताना जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

शुक्रवार गेला.

आता मी मरोळ नाक्याच्या एका चाळीत असतो. काशीरामांनी सरांचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "माझ्याकडे गिरणीचे सगळे कागद होते. तरी वाट लागली. तुझ्याकडे तर नुसतं कौतुक." त्यांनी पत्र नीट घडी करून ट्रंकेत ठेवलं. सुगंधाबाई आता घाटकोपरला एका आजींना सांभाळतात. त्या घरचे लोकही फार चांगले आहेत. तिथेही त्या घरातल्याच आहेत. इथे वसाहतीतला पाचचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा त्या घरी नसतात. भोंगा नसतो त्या रविवारीही नसतात. माझ्या चौथ्या पायाखाली त्यांनी चपटं केलेलं पत्र्याचं झाकण ठेवलंय. खाली ठेवायला कागद घाटकोपरवाल्यांनीही दिलेला नाही.

मित्रांनो, मी मुका होतो, म्हणून मला माफी आहे. तुम्ही मुके नाही. तुमच्या आजी-आजोबांना सांभाळायला कोणी येत असेल, तर तिला घरातली म्हणण्याआधी तिच्या कामाचे तास आणि सुटीचा दिवस तिच्या हातात लिहून द्यायला सांगा मोठ्यांना. सही असलेला कागद डुगडुगणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. आणि एखाद्या रविवारी सकाळी ती दारात दिसली, तर भाऊरावांसारखं एकदा विचारा, मग तू का आलीस?

आणि ती उत्तर देईपर्यंत चहा मागू नका.