पट्टे तपासावेत

प्रदर्शनाच्या हॉलमधून फोरमन घरी आले ते खोकं छातीशी धरून आणि तोंडातून एक अक्षर न काढता. बायकोने दार उघडलं, चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलंच नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या रागाचे प्रकार तिला पाठ झाले होते. आरडाओरडा करणारा राग साधा, तासाभरात ओसरायचा. गप्प राग आला की घरातल्या भांड्यांनीसुद्धा जपून वाजायचं.

जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे टाकली. परीक्षकांची होती. बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: जोडणी स्वच्छ. रंग उत्तम. झीज आणि चिखल या वर्षीच्या सगळ्या मॉडेलांत सरस. पट्टे तपासावेत. आणि खाली, बक्षिसासाठी विचार करता आला नाही.

"मला," फोरमन म्हणाले, "मला सांगतात पट्टे तपासा."

सैन्याच्या रणगाडा-दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची वीस फोरमन म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. खऱ्या रणगाड्यांच्या चाकांवर त्यांनी जितके पोलादी पट्टे चढवले होते तितक्या वेळा त्या परीक्षकांनी बुटांच्या नाड्याही बांधल्या नसतील, असं त्यांचं त्या रात्रीचं म्हणणं होतं.

मॉडेलही रणगाड्याचंच, वीतभर लांबीचं. पण त्यावर सात महिने गेले होते. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून ते रोज सकाळी नऊला बसत, कामावर हजर झाल्यासारखे. प्लॅस्टिकचा एकेक भाग सुटा करायचा, कडा कानशीने घासायच्या, सोल्युशन लावून चिमट्याने बसवायचा. खोक्यातला माहितीचा कागद त्यांनी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला होता. ज्या गाडीची इंजिनं आपण हातांनी उतरवली, ती कशी जोडायची ते आपल्याला कागद सांगणार?

रंगाची तर गोष्टच वेगळी. मॉडेल करणाऱ्यांच्या क्लबातली बाकीची मंडळी रणगाडा रंगवत म्हणजे भंगारात सोळा वर्षं पडल्यासारखा गंजवून टाकत. फोरमनना ते बघवत नसे. "चालू गाडीला एवढा गंज दिसला असता तर त्या तुकडीची रजा बंद झाली असती," असं ते दर बैठकीला ऐकवत. रंग कुठे उडतो ते त्यांना ठाऊक होतं. चालक आत उतरताना जिथे बूट टेकवतो तिथे, झाकणाच्या कडेला, हत्यारं अडकवायच्या खिळ्यांपाशी. स्पंजच्या तुकड्याने त्यांनी नेमके तिथेच ठिपके उठवले. डिझेल भरायच्या तोंडाखाली पातळ काळपट रंगाचा एकच ओघळ सोडला. पट्ट्यांवर प्लास्टर आणि चाळलेली माती कालवून चिखल चढवला, आणि जमिनीवर घासणाऱ्या कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळून पोलादाची चमक आणली. झाल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली होती. ती बघून म्हणाली होती, "खाली वर्तमानपत्र घाला. टेबलावर चिखल सांडेल." एवढी मोठी शाबासकी त्यांना कारखान्यातही कुणी दिली नव्हती.

आणि आता हे.

पुढचा आठवडा घराने कसाबसा काढला. फोरमननी क्लबच्या सेक्रेटरीला तीन पानी पत्र लिहिलं. त्याने फोनवर मवाळ आवाजात सांगितलं की परीक्षक दातांच्या लॅबमधल्या बाई आहेत, वीस वर्षं मॉडेलं करतात, आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

"कवळ्या करणारी बाई," फोरमन फोन ठेवून म्हणाले. "कवळ्या करणारी बाई मला पट्टे शिकवणार."

"एकदा खोकं उघडून बघा तरी," बायको म्हणाली.

"काय बघू? माझं नाव मला आठवतं का, तेही बघू का?"

त्यांनी खोकं उघडलं नाही. उघडणं म्हणजे बाईचं म्हणणं विचारात घेणं, आणि तेवढा मानही त्यांना तिला द्यायचा नव्हता. आठव्या दिवशी मात्र राग पोटात मावेनासा झाला. ते खोकं उचलून थेट तिच्या लॅबमध्ये गेले.

लॅब म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. मेणाचा आणि जळक्या गॅसचा वास. बाई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, कपाळावर भिंग चढवून एका दाढेला आकार देत होत्या.

"दहा मिनिटं बसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मेण गार झालं तर हे सगळं पुन्हा करावं लागेल."

फोरमन बसले. दहा मिनिटं त्यांनी मनातल्या मनात भाषणाची उजळणी केली. मग बाईंनी हात पुसले, भिंग खाली घेतलं, आणि फोरमननी खोकं उघडून रणगाडा टेबलावर ठेवला.

"मी तीस वर्षं हे काम केलंय," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत पट्टे तपासा. कशाच्या जोरावर?"

बाईंनी भांडण उचललं नाही. "खऱ्या गाडीवर पट्टा कसा चढवतात?" त्यांनी विचारलं. "मी कधी पाहिलेलं नाही. मी फोटोंवरून शिकले."

हा प्रश्न फोरमनच्या आवडीचा. राग तसाच ठेवून ते सांगू लागले. पट्टा जमिनीवर लांब पसरायचा, गाडी हळूहळू त्याच्यावर आणायची, मागचं टोक उचलून चाकांवरून पुढे ओढायचं आणि पुढे आणून जोडायचं. "पण पसरताना टोक कुठलं ते बघावं लागतं. प्रत्येक कडीवर बाणासारखा उंचवटा असतो. वरच्या बाजूने बघितलं तर बाणाचं टोक गाडीच्या तोंडाकडे. म्हणजे जमिनीला आधी टोक टेकतं. चिखल कापला जातो, बाहेर फेकला जातो. हे असं." आणि दाखवायला त्यांनी करंगळी मॉडेलच्या वरच्या पट्ट्यावर ठेवली.

बाण शेपटाकडे होते.

करंगळी तिथेच राहिली. त्यांनी दुसरी बाजू फिरवून पाहिली. तिथेही बाण शेपटाकडे. एक चढवून दुसरा त्याला बघून चढवलेला, दोन्ही एकसारखे, नीट, मन लावून उलटे. वर सर्वोत्तम चिखल.

कान तापले, मानेपर्यंत आग गेली. ओरडायला कुणी नव्हतं. बाईंवर ओरडता येत नव्हतं आणि स्वतःवर ओरडायची सवय नव्हती. शेवटी ते म्हणाले, "हातांना माहीत आहे म्हणून डोळ्यांनी बघितलंच नाही मी."

"होतं असं," बाई म्हणाल्या. "मी एकदा डावी दाढ उजवीकडे बसवून पाठवली होती."

"मग बक्षीस देताना का नाही सांगितलंत? सेक्रेटरी माईकवर बाकी सगळ्यांच्या चुका सांगत होता."

"माझ्याकडेही माईक दिला होता," बाई म्हणाल्या. "हॉलमध्ये शंभर माणसं होती. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. म्हणून चिठ्ठीवर लिहिलं."

फोरमननी खोकं बंद केलं. आभार मानायचे राहूनच गेले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, कारण न सांगता राहवेना. ती पालेभाजी निवडत होती. आधी तिला हसू आलं, चांगलं खळखळून. मग हसू थांबलं आणि हातही थांबला.

"उलटा चढवला," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी."

"हो, सांगतोय ना."

"माझ्या धाकट्या भावाने एकच बाजू उलटी चढवली होती."

फोरमनना वाटलं होतं की ही गोष्ट घरातून कधीच गेली. बायकोचा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याच शेडमध्ये फिटर होता, त्यांनीच चिकटवलेला. एके दिवशी त्याने पट्टा उलटा चढवला आणि तपासणीत फोरमनच्या ते लक्षात आलं.

"ती गाडी तशीच बाहेर गेली असती तर पट्टा निसटला असता," ते म्हणाले. "आत चार माणसं बसतात. चूक दाखवणं माझं काम होतं."

"चूक दाखवलीत त्याबद्दल मी तेव्हाही बोलले नाही आणि आजही बोलत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुम्ही त्याला पट्टा सोडवायला लावलात. एकट्याला. ऐंशी कड्या, एकेक बारा किलोची, कारखान्याच्या आवाराच्या त्या टोकाला नेऊन ठेवायची आणि पुन्हा आणायची. बाकीचे डबे उघडून बसले होते, ते बघत होते. तुम्ही मोजत होतात मोठ्याने. घरी येऊन तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत, त्याचं नाव आता 'उलट्या' पडलंय म्हणून. आणि मी तुम्हाला वाढलं. बावीस वर्षं मला त्याचा राग येतोय, की त्या दिवशी मी तुम्हाला वाढलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याशी बोलायचं कधी असतं?" ती म्हणाली. "ओरडत असता तेव्हा ऐकू येत नाही, आणि गप्प असता तेव्हा कुणाची हिंमत होत नाही."

तिने निवडलेली भाजी उचलली आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती कामापुरतं बोलू लागली. पाणी आलंय. औषध घेतलं का. बस. आता गप्प राग तिच्याकडे गेला होता, आणि तो घरात वागवणं किती जड असतं ते फोरमन प्रथमच बघत होते. दोन दिवस तेही फणफणले. एवढ्या जुन्या गोष्टीचं एवढं काय, मी नसतो तर त्याला नोकरी कुणी दिली असती, असं मागच्या खोलीत टेबलाला ऐकवून झालं. टेबलावर उलट्या पट्ट्यांचा रणगाडा होता. त्याच्यापुढे ही वाक्यं फार वेळ टिकेनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो कारखाना सोडल्यापासून दुसऱ्या गावात पंप दुरुस्त करायचा. बहिणीच्या घरचं एकही कार्य त्याने तेव्हापासून पाहिलं नव्हतं. पलीकडे मोटरचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"बोला, भाऊजी." आवाज ओळखीचा, पण त्यात काहीच नव्हतं.

फोरमननी आढेवेढे न घेता मॉडेलची हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "तुझी चूक होती तशीच माझी झाली. तुझ्यापेक्षा मोठी झाली."

पलीकडे पाना लोखंडावर ठेवल्याचा आवाज आला.

"माझी चूक होतीच," मेहुणा म्हणाला. "ती दाखवलीत त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. तुम्ही चुकलात म्हणून मला बरं वाटेल असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही. म्हणजे, हो. वाटलं असेल."

"मी साठ कड्या नेल्या तेव्हा माझा हात थरथरायला लागला. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, आता हे थांबवतील. घरचे आहेत. तुम्ही म्हणालात, एकसष्ट. तुम्ही सरळ मनाने फोन केलात, हे कळलं मला. पण माझं डोकं अजून तापतं, भाऊजी. आता याक्षणीही तापलंय."

"मी चुकलो," फोरमन म्हणाले. हे दोन शब्द मोठ्याने त्यांनी याआधी कधी उच्चारले होते ते त्यांना आठवेना.

"ताईला पाठवा चार दिवस," मेहुणा म्हणाला. "तुम्ही सध्या नको." आणि मोटर पुन्हा सुरू झाली.

बायकोने निरोप ऐकला आणि बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन बॅग घेऊन तिला बसपर्यंत पोचवायला गेले. स्टँडवर गर्दी नव्हती. चालक चाकावर बूट आपटून हवा बघत होता.

"त्याला नेमकं काय म्हणालात?" तिने विचारलं.

"म्हणालो, मी चुकलो."

"आणि तो?"

"अजून राग आहे म्हणाला."

"असणारच," बायको म्हणाली. "मलाही आहे." तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली. "औषधं फ्रीजवर ठेवली आहेत. सकाळची पांढरी, दुपारची गुलाबी. उलटी घेऊ नका."

ती वर चढली आणि खिडकीशी बसली. बस निघेपर्यंत फोरमन खाली उभे राहिले.