लिलावात विकलेला खुनी

माझी धाकटी बहीण लोर्ना खून करून पोट भरते. पुस्तकातले हो! वर्षाला एक कादंबरी आणि कादंबरीत निदान दोन मुडदे. आमच्या हॅलबीसारख्या एवढ्याशा समुद्रकाठच्या गावात तिनं आजवर इतकी माणसं मारलीत की ती खरोखर मेली असती तर चर्चच्या आवारात पुरायला जागा उरली नसती. मी जून, तिची थोरली बहीण. तिचे फोन, तिचा चहा, तिची छापायला जाणारी पानं तपासणं, सगळा ताप माझ्या डोक्याला.

गेल्या वर्षी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाईफबोटीच्या मदतीसाठी गावात लिलाव झाला. अशा वेळी रहस्यकथा लिहिणारे आपल्या पुढच्या पुस्तकातलं एक पात्र लिलावात काढतात. जास्त बोली लावणाऱ्यानं सांगितलेलं नाव त्या पात्राला मिळतं. लोकांना पुस्तकात मरायची काय हौस असते, विचारू नका! आमचा कसाई बर्नार्ड दोनदा मेलाय आणि दोन्ही पुस्तकं दुकानाच्या काचेत लावून बसलाय. या वेळी बोली जिंकली ग्लेनिस पिकर्सगिलनं. एरवी ही बाई तोंडातून शब्द काढत नाही. शेजारी बसून तिचा नवरा तिला चढवत होता. डेरेक म्हणजे क्रिकेट क्लबचा अध्यक्ष, सगळ्या गावाचा लाडका. "लाव गं राणी, माझ्या नावानं लाव!" म्हणून ओरडत होता.

मग ग्लेनिसचे लोर्नाला फोन सुरू झाले, तेही ती जिथं काम करते त्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून. "डेरेकला खुनी कर," ती म्हणाली. "त्याला मात्र सांगू नकोस हं. आपण पोलीस इन्स्पेक्टर होणार, असं त्याला वाटतंय."

लोर्ना खूश! खुनी कसा असावा, हे ग्लेनिस हसत हसत सांगायची. बायको गाडी घेऊन कुठवर गेली, ते तो गाडीतला मैलांचा आकडा बघून ताडतो. तिचा फोन स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपतो. चारचौघांत तिला राणी म्हणतो आणि टेबलाखाली मांडीला चिमटा घेतो, रक्त साकळेपर्यंत.

"जून, काय डोकं आहे गं या बाईचं!" लोर्ना मला म्हणायची. "मला आयुष्यात सुचलं नसतं."

एकदा ग्लेनिसनं विचारलं, "शेवटी त्या बायकोचं काय होतं?"

"मरते. तो तिला जिन्यावरून ढकलतो. मुडद्याशिवाय पुस्तक खपतंय होय!"

"हं," ग्लेनिस म्हणाली, "मला वाटलंच होतं."

पुस्तक छापून आलं. शनिवारी दुपारी वाचनालयात प्रकाशन होतं. मी मागच्या आवारात गाडीतून केकचे डबे काढत होते. तेवढ्यात ग्लेनिस गाडी लावून आत गेली. पाठोपाठ क्लबातून डेरेक चालत आला. त्यानं आपल्या किल्लीनं तिच्या गाडीचं दार उघडलं, आत वाकून मैलांच्या आकड्याचा फोटो काढला आणि फोनमधल्या आधीच्या फोटोशी ताडून बघितला. मग त्याला मी दिसले.

"काय जून, केक खायला घालणार ना?" म्हणून गोड हसला.

हे अकराव्या प्रकरणात होतं. ती पानं मीच तपासली होती.

मी लोर्नाला बागकामाच्या पुस्तकांच्या कपाटामागे ओढलं. "अगं, ते खरंय! आकडा, फोन, चिमटे, सगळं खरंय. आत्ता या डोळ्यांनी बघून आले."

ती पांढरीफटक पडली. "पण ती हसत सांगायची गं."

"हसतच सांगणार! दुकानात चार बायका ऐकत असणार. वीस वर्षं खुनी शोधतेस आणि गावातला ओळखू आला नाही तुला? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"जून, बाहेर टेबलावर पुस्तकं रचलीत. आज घरी नेऊन तो वाचेल. तिनंच सांगितलं हे त्याला कळेल."

"निदान इथं अकरावं प्रकरण वाचू नकोस. तिला घरी कसं जाऊ द्यायचं नाही, ते मी बघते." म्हणाले खरी, पण कसं बघणार होते, देव जाणे.

लोर्नानं पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. पान संपतंय न संपतंय तोच पहिल्या रांगेतून डेरेक म्हणाला, "लेखिकाबाई, समुद्र पुरे झाला! आम्ही रोज बघतो तो. माझं प्रकरण वाचा की."

लोकांनी टाळ्या पिटल्या, मेल्यांनी.

"माझा घसा बसलाय," लोर्ना म्हणाली.

"मग मी वाचतो!" त्यानं पुस्तकासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात ग्लेनिस उठली.

"बस, राणी," तो गोड आवाजात म्हणाला.

ती बसली नाही. पुढे जाऊन तिनं लोर्नाच्या हातातून पुस्तक घेतलं. "मी वाचते."

ती वाचू लागली. बर्नार्ड खो खो हसला. "डेरेक, लेका, तू खुनी!" डेरेकही हसला. मग गाडीचा आकडा आला. मग उशीखालचा फोन आला. लोक अजून हसत होते, पण कमी. मग राणी हा शब्द आला, टेबलाखालचा चिमटा आला, आणि हसणं बंद झालं. त्याचं ते 'बस, राणी' सगळ्यांनी नुकतंच कानांनी ऐकलं होतं.

डेरेक उठला. "गोष्ट आहे ती. चल, कोट घे."

ग्लेनिसनं पुस्तक मिटलं. "पुढचं पान मी वाचणार नाही. पुढच्या पानावर मी मरते." "मला नाही मरायचं, डेरेक."

तो पुढे सरकला, तसा बर्नार्ड उठला. दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. एवढा आडदांड माणूस, पण डोळ्यांत पाणी. मी ग्लेनिसला जवळ घेतलं. मलाही रडू फुटलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

लोर्ना पोलिसांना फोन लावत होती. तिनं आपलं नाव सांगितल्यावर पलीकडचा माणूस बहुतेक हसला, कारण ती एकदम ओरडली.

"नवं पुस्तक नाही हो! बाई अजून जिवंत आहे. लवकर या!"