बाजेखालचं वारं

हौशीरामच्या पायाला भिंगरी होतीच, पण त्या आठवड्यात त्याने कहर केला. वैशाखाचं ऊन असं तापलं होतं की राहू गावच्या शिवारात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि हा बाबा शिडी लावून पत्र्यावर चढत-उतरत होता.

कारण होतं त्याची लेक, ज्ञानेश्वरी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही जगरहाटी, पण डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं आणि ती शिरूरला सासरीच मोकळी झाली. मुलगा झाला. बारसं उरकलं की निदान सव्वा महिना तरी माहेरी, असं ठरलं. मग शनिवारी विहीणबाईंचा, मुक्ताबाईंचा, फोन आला.

"पाव्हणं, बेस्तवारी दुपारी आम्ही घेऊन येतो. पर आधी मी खोली बघणार. गार असली तर ठेवते, न्हाईतर त्याच गाडीनं माघारी. आमच्यात एसी हाय. लेकराच्या अंगावर घामोळं उठलेलं मला चालायचं न्हाई."

बाई वाईट नव्हत्या. पहिला नातू, जीव टांगणीला लागलेला. पण 'त्याच गाडीनं माघारी' हे शब्द हौशीरामच्या छातीत काट्यासारखे रुतले. दाराशी आलेली लेक उंबऱ्यावरून परत गेली तर बापाने तोंड कुठे दाखवायचं?

आणि खोली म्हणजे काय, तर मागच्या बाजूचा पत्र्याचा खण. दुपारी त्यात पापड वाळत घातले तर भाजून निघतील. वस्तीवरची लाईट अशी की पंखा बोटाने ढकलून सुरू करावा लागायचा. तिथे एसीचं नाव काढायची सोय नव्हती.

रविवारी पहाटे त्याने पत्र्यावर चुना मारला. चुन्यात फेविकॉल कालवला, म्हणजे धरून बसेल. वाळल्यावर दुसरा हात दिला. सोमवारी शेतातलं उसाचं पाचट आणून मावळतीच्या भिंतीला कूड बांधला, भिंतीपासून वीतभर लांब, उन्हाने कुडाला भाजावं, भिंतीला नाही. त्याच्या बायकोने, गिताबाईने, जुन्या लुगड्यांचं छत पत्र्याखाली ताणलं. मंगळवारी त्याने ठिबकची नळी काढली, खिडक्यांना गोणपाटं लावली आणि त्यांच्यावर थेंबथेंब पाणी सोडलं. शेजारचा पोपटराव बांधावरून ओरडला, "हौश्या, खोलीला ठिबक केलंस, आता खत बी सोड!"

"तुझ्या तोंडात सोडतो," हौशीराम शिडीवरूनच म्हणाला.

ज्ञानेश्वरीचा रोज दुपारी फोन यायचा. हळू आवाजात, कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

"आबा, झाली का माझी खोली?"

"करतोय गं. आशी गार करतो की तुझा एसी लाजंल."

"गार नसली तरी चालंल, आबा. इथं गारच हाय. पण..."

मागून कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला. "बरं, ठेवते. जेवलात का तुमी?" म्हणून तिने फोन ठेवला. हौशीरामला वाटलं, लेक बापाचं मन राखतेय, गार नसली तरी चालेल म्हणतेय. पण तो 'पण' त्याला काही केल्या खाली ठेवता येईना. जेवताना, दाढी करताना, पाणी धरताना तो मध्येच थांबायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "पण काय?"

बुधवारी दुपारी दोनला परीक्षा घ्यायची ठरली. गिताबाईने आधी आपला कायदा लागू केला. बाळंतिणीला वारं लागता कामा नये! वारं लागलं की अंग धरतं, कंबर जाते, जन्माचं दुखणं मागे लागतं; तिच्या आईने सांगितलं होतं आणि आईला आजीने. तिने गोणपाटाआडच्या खिडक्या लावल्या, दाराखाली चिंधी कोंबली. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत तर हौशीरामनेच सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या ठासल्या. एवढं कडेकोट करून तो आत बाजेवर जाऊन बसला.

दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटला. पत्रा गार, भिंत गार, आणि माणूस घामाघूम. गोणपाटाची ओल आत येऊन कोंडली होती. इडलीच्या भांड्यात बसल्यासारखं वाटत होतं. तो धडपडत बाहेर आला. चार दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती, अगदी थेंबथेंब.

"काय झालं?" गिताबाईने विचारलं.

"काय व्हायचंय! लेक माघारी जाती उद्या," म्हणून तो तडक कांद्याच्या चाळीकडे निघून गेला. राग आला की तो चाळीकडेच जायचा.

या चाळीवर मात्र त्याचा जीव होता. गावात कुणाचाही कांदा सडो, हौशीरामचा दिवाळीपर्यंत खणखणीत. लोक विचारायला यायचे, तेव्हा तो भाव खाऊन एकच वाक्य सांगायचा, "कांदा उन्हानं न्हाई जात, कोंडीनं जातो." चाळ जमिनीपासून गुडघाभर उंच, खाली पट्ट्यापट्ट्यांचा तळ; खालून वारं शिरायचं, कांद्यातून वर चढायचं आणि छपराखालच्या फटीतून निघून जायचं. तो चाळीच्या सावलीत टेकला. सवयीने त्याने पट्ट्यांखाली हात घातला. गार लागलं. चुना नाही, गोणपाट नाही, आणि तरी गार.

त्याने पुन्हा हात घालून बघितला. मग कपाळावर हात मारून घेतला. इतक्या जोरात की गिताबाईला अंगणात ऐकू गेलं.

तासाभराने खोलीच्या उत्तरेच्या भिंतीवर छिन्नी-हातोडा चालू होता. लिंबाची सावली पडायची त्या बाजूला, जमिनीलगत, बाजेच्या उंचीच्या खाली, एकेक करून पाच विटा निघाल्या. गिताबाई धावत आली.

"अवं, येड लागलं का? बाळंतिणीच्या खोलीला भोकं? वारं लागंल तिला!"

"वारं तिला लागायचंच न्हाई. बाजेखालनं यील आन् समोरल्या फटीतनं वर जाईल. तिच्या पदराला बी शिवायचं न्हाई."

"तुमाला काय म्हाईत बाळंतिणीचं?"

"बाळंतिणीचं न्हाई म्हाईत. कांद्याचं म्हाईत हाय." आणि मग त्याने हातोडा खाली ठेवला. "गिते, मी कांदा बी आसा कोंडून ठिवत न्हाई गं. आन् पोरीसाठी फटी बुजवत बसलोय."

गिताबाई घरात गेली. थोड्या वेळाने ती मच्छरदाणीची जुनी जाळी घेऊन आली आणि म्हणाली, "इच्चूकाटा शिरंल. ही ठोका." सिमेंटच्या पिशव्या निघाल्या. ओली गोणपाटं खिडक्यांवरून उतरून भोकांच्या बाहेर आली. पण गिताबाईच्या मनातली वाऱ्याची धास्ती काही गेली नव्हती.

बेस्तवारी अडीचला गाडी आली. जावई ईश्वर चालवत होता. मुक्ताबाई आधी उतरल्या, मग दुपट्यातलं बाळ घेऊन ज्ञानेश्वरी. लेक वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती नुसतीच हसली.

गिताबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुक्ताबाई थेट खोलीत. पत्र्याकडे बघितलं, लुगड्यांकडे बघितलं, हात वर करून हवा चाचपली. "गार तर हाय," त्या जरा नवलाने म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली.

"अगं बाई! बाळंतिणीच्या खोलीला भोकं? पाव्हणं, वारं लागंल पोरीला. ईश्वर, गाडी वळवून ठेव."

हौशीरामच्या तोंडचं पाणी पळालं. कांद्याचं गणित विहिणीला कसं सांगायचं? तो 'न्हाई, म्हंजी, खालनं' एवढंच बरळत राहिला. तेवढ्यात गिताबाई आत आली. तिच्या हातात बाळाच्या धुरीची शेगडी होती. निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंड टाकलेलं.

"विहीणबाई, बसा बाजेवर," ती म्हणाली आणि शेगडी भोकांसमोर जमिनीवर ठेवली.

मुक्ताबाई नाक मुरडून बसल्या. धूर निघाला. वर उसळायच्या आधीच वाऱ्याने त्याला धरलं आणि तो जमिनीलगत बाजेखालून सरपटत पलीकडे गेला. समोरच्या भिंतीशी वर चढला आणि पत्र्याखालच्या फटीतून बाहेर पडला. मुक्ताबाईंनी पदर पसरून धरला, हुंगला. ओव्याचा वाससुद्धा नव्हता. हिने सकाळीच गुपचूप धूर सोडून बघितला असणार, हे हौशीरामच्या आता ध्यानात आलं.

"आक्रीतच की!" मुक्ताबाई म्हणाल्या आणि मोकळं हसल्या. "राहू द्या मग. एसीत तर धुरी बी देता येत न्हाई. आमच्यात एकाच खोलीत एसी, मग सगळी तिथंच. मी, हे, ईश्वर, माझी लेक साई, ही आन् बाळ. दारं-खिडक्या गच्च लावून. रातंदिस एकत्र, लई भारी वाटतं."

त्या मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. हौशीरामने लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून दुपट्याची कड सारखी करत होती. सासरा, नवरा, नणंद, सासू, आणि दारं गच्च. तिथे ही लेकराला पाजणार कशी, कूस बदलणार कशी? त्याला त्या 'पण'चा अर्थ एकदम कळला, आणि आपण पाच दिवस नुसता पत्रा गार करत होतो याची लाज वाटली.

चहा झाला. "घामोळं दिसलं की फोन करा," असं तीनदा बजावून मुक्ताबाई गेल्या. गाडी वळणाआड होईस्तोवर ज्ञानेश्वरी हात हलवत उभी होती. मग ती खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

हौशीराम गोणपाटं ओली करायला मागे गेला. भोकांशी वाकला तर आतून आवाज आला. ती रडत होती. मुसमुसणं नव्हे, लहानपणी आंब्यावरून पडली होती तेव्हा रडली होती तसं, गळा काढून. गिताबाईही आवाजाने धावत आली आणि दाराकडे निघाली. त्याने तिचा हात धरला.

"राहू दे. तिकडं रडायला जागा कुठं व्हती तिला?"

गिताबाई त्याच्याजवळच मटकन खाली बसली. दोघं भिंतीला टेकली. ठिबकचे थेंब गोणपाटावर पडत होते. बऱ्याच वेळाने रडणं ओसरलं, आणि जमिनीलगतच्या जाळीतून, अगदी हौशीरामच्या हाताशी, बसलेला आवाज आला.

"आबा, तिथं हायसा का?"

"व्हय गं. जाऊ का?"

"नगं," ती म्हणाली. "बसा."