संस्कृतीच्या हातची कला

संस्कृतीच्या सासरी, जुळे सोलापुरातल्या त्या घरात, शोकेसच्या मधोमध पिस्त्याच्या टरफलांचा मोर उभा होता. घरातलं सगळं सुख त्याच्या पिसाऱ्यातून येतं, असं तिच्या सासूबाईंचं, रत्नमालाबाईंचं मत होतं. मोराच्या एका अंगाला सुपाऱ्यांची वरात, दुसऱ्या अंगाला आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी, खालच्या कप्प्यात कापसाची बदकं. एवढ्यांना जागा हवी म्हणून टीव्ही कोपऱ्यात सरकवला होता आणि बातम्या बघताना सासरे मान वाकडी करून बसत. सुखी घरात कुणाची तरी मान वाकडी व्हायचीच.

"घराला बाईचा हात लागाय पायजे," रत्नमालाबाई येईल त्याला सांगत. "विकतच्या वस्तूनं दुकान भरतंय, घर न्हाय."

मोराला संस्कृतीचा हात लागला होता तो फक्त धूळ पुसताना.

टेंभुर्णीच्या तिच्या वडिलांनी, धोंडीरामांनी, रुखवत नव्या पेठेतून भाड्याने आणलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये मांडायचं, वऱ्हाडाने वाहवा करायची आणि संध्याकाळी दुकानात परत. हल्ली बरेचजण असंच करतात आणि कुणी कुणाला विचारत नाही, ही त्यातली सभ्यता. पण पाठवणीच्या वेळी नवऱ्याकडचे मामा-काका फारच कामसू निघाले. भांडी, कपाट, गादी टेम्पोत चढवता चढवता त्यांनी रुखवतही चढवलं. टेबलावरची झालर काढली. "संस्कृतीच्या हातची कला" ही सोनेरी अक्षरांची पाटीसुद्धा सोडली नाही. धोंडीराम शेजारीच उभे होते. व्याह्यांच्या गराड्यात "थांबा, हे भाड्याचं हाय" असं म्हणण्यापेक्षा मुलीला निरोप देताना रडणं त्यांना सोपं गेलं.

संस्कृती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. एखाद्या सरपंचाने कितीही चहा पाजला तरी गावच्या विहिरीचं पाणी वाईट असेल तर ती वाईटच लिहायची. पहिल्या दिवशीच खरं सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं. पण पहिल्या दिवशी पूजा होती, नंतर पाहुणे आले, आणि मग वरच्या मजल्यावरच्या सुंदरम्मा मोर बघायला आल्या. सुंदरम्मांच्या सुनेला साधं बटण लावता येत नाही, ही गोष्ट रत्नमालाबाईंनी त्या दिवशी अतिशय सहानुभूतीने तीनदा काढली. त्यानंतर खरं सांगणं म्हणजे सासूबाईंना जिन्यावरून खाली ढकलण्यासारखंच होतं.

घरही खरोखर आनंदी होत चाललं होतं, हीच तर पंचाईत. सासूबाई तिला भांडी घासू देत नसत. कलेचे हात खरबरीत होतात म्हणून. तिचा नवरा पृथ्वीराज घर सजवण्यात स्वतःचा वाटा उचलत असे. म्हणजे फोटो काढत असे.

मग दुकानदाराचा, श्रीशैलचा फोन आला. आवाज मऊ होता. "ताई, तुमच्या वडिलांच्या तोंडाकडं बघून इतकं थांबलो की. आता अक्कलकोटला लग्न हाय. मोर त्यांनी फोटोत बघून ठरवलाय. शनवारी निदान तो तरी पाठवा."

यावर शास्त्रीय उपाय करायचं संस्कृतीने ठरवलं. सगळं हुबेहूब पुन्हा बनवायचं आणि मूळचं परत करायचं. सुरुवात त्यातल्या त्यात सोप्या बैलगाडीपासून. तिने मापं घेतली, आकृती काढली, काड्या कापल्या. पण प्रयोगशाळेत पदार्थ नियमाने वागतात. डिंकाला तसली सवय नसते. चाकं आपापल्या मताने बसली आणि बैलांनी एकमेकांच्या पायांत तोंडं खुपसली. पृथ्वीराजने दार उघडून पाहिलं, "अजून एक? क्या बात है," म्हणत फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाबाई भाकरी थापत असताना संस्कृतीने सगळं सांगून टाकलं. टेम्पो, वडील, नवी पेठ, श्रीशैल. आजपासून या घरात आपल्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, याची तिला खात्री होती.

रत्नमालाबाईंनी भाकरी उलटली. फुगेपर्यंत वाट पाहिली.

"सुंदरम्माला ठाव हाय?"

"नाही."

"मग अजून काय बिघडलंय?"

"आई, पण मी खोटं..."

"तू कुटं बोललीस? पाटी बोलली. आन मी बोलले. तू आपली गप बसलीस, सुनेनं बसावं तशी."

शनिवारी दुपारी दोघींनी मोराला चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला न्यावं तसं रिक्षातून नव्या पेठेत नेलं. श्रीशैलचं दुकान अरुंद आणि खोल होतं. आत फळ्यांवर मोर, हंस, तुळशी, पालख्या खच्चून भरलेल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या असंख्य लेकींच्या हातची कला, आणि सगळी एकाच हाताची. मोर परत गेला. रत्नमालाबाई मात्र निघाल्या नाहीत. वांगी निवडावीत तशा त्या फळ्यांवरून फिरू लागल्या.

"हा हंस लई नीट झालाय," त्या म्हणाल्या. "हातचा वाटत न्हाय. जरा कुटंतरी चुकलेलं दाखवा."

"चुकलेल्याला जास्त पडतंय, मावशी," श्रीशैल म्हणाला. "त्याला मागणी लई."

संस्कृतीला एकदम आशा वाटली. "आई, माझी बैलगाडी आहे की घरी. चुकलेलीच आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "तुझी नगं, बाळ. ती खरंच चुकलीय."

शेवटी मोत्यांचा हत्ती ठरला. त्याचा एक कान किंचित लहान होता. बाकीचं तूर्त घरीच ठेवायचं आणि दर महिन्याला भाडं देऊन एकेक वस्तू बदलून न्यायची, असा करार झाला. सुनेचे हात एका मोरावर थांबले असते तर शेजाऱ्यांना शंका आली असती.

रविवारी सुंदरम्मा आल्या. हत्तीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्याचा लहान कान पाहून त्यांनी मान डोलावली. असं घरी केलेल्यातच होतं, म्हणाल्या. मग संस्कृतीकडे वळून त्यांनी विचारलं, "इतके मोती, एकसुद्धा सुटला नाही. चिकटवतेस तरी कसं गं? आमच्या सुनेला जरा सांग की."

रत्नमालाबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण अडकित्ता थांबला. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

संस्कृतीने हत्तीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे.

"डिंक आधी कोमट करून घ्यायचा," ती म्हणाली. "फार गरम नाही."

सुपारी पुन्हा कातरली जाऊ लागली.

"आणि मोती?" सुंदरम्मांनी विचारलं.

"मोती रात्रभर वाळवायचे," संस्कृती म्हणाली आणि समजावून सांगायला त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.