मानाची खुर्ची

माणसं निवृत्त झाली की तीर्थयात्रेला निघतात. नलिनी मॅडमनी मात्र वॉर्डातल्या समाजभवनाच्या वरच्या हॉलची किल्ली मिळवायचं मनावर घेतलं. पांढुर्ण्यात छत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. एकदा मनावर घेतलं की समोरच्याने हो म्हटलेलंच बरं. तो हॉल लग्नसराईत उघडायचा, बाकी वर्षभर त्यात पातेली आणि पारवे राहायचे. मॅडमना तिथे बायकांना घेऊन भुलाबाईच्या टिपऱ्या खेळायच्या होत्या. आणि त्याही रीतसर, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, रोज चार ते सहा.

भवनाचे अध्यक्ष भाऊराव किल्ली सुखासुखी सोडणारे नव्हते. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये दोन गल्ल्यांच्या बायका गरब्याच्या सरावावरून अशा भांडल्या होत्या की एकीने दुसरीच्या चपला जिन्यावरून थेट रस्त्यावर फेकल्या. त्या भाऊरावांच्या स्कूटरवर पडल्या.

"पाहा मॅडम," भाऊराव म्हणाले, "हॉल सगळ्याइचा हाय. पन एक बाई जरी नाराज होऊन गेली ना, तं मी कुलूप लावून देईन. मंग मले बोल नका लावू."

"एकही जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहून ठेवा."

भाऊरावांनी काही लिहिलं नाही. मॅडमनी मात्र लिहिलं. पहिल्याच दिवशी फळ्यावर, ठसठशीत अक्षरात. वर मथळा 'सर्वांसाठी' आणि खाली नियम. हजेरीच्या वहीत नुसतं पहिलं नाव घालायचं, आडनाव नाही. कारण आडनाव कळलं की आपल्याकडे माणूस हळूच आपल्यातल्यांच्या बाजूला सरकतो, हे त्यांनी वर्गात छत्तीस वर्षं पाहिलं होतं. कुणाच्या अंगाकाठीवर बोलायचं नाही. विचारल्याशिवाय मोबाईल वर करायचा नाही. कुंकू असो नसो, गोल एकच. जिला पाऊल जमत नाही तिला हसायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: 'वडीलधाऱ्यांना मानाने खुर्ची द्यावी.'

पुढचा सगळा घोळ त्या दोन रेघांनीच घातला.

सुरुवातीला मात्र सगळं झकास चाललं. आठवडाभरात एकतीस बायका झाल्या. किराणावाल्याची सून आली, अंगणवाडीताई आल्या, कॉलेजातली गायत्री आली. गायत्रीचं पाऊल असं हलकं की खालच्या मजल्यावर आवाजच जात नसे. ती गोलाच्या पुढे असायची आणि मॅडम मधोमध टिपऱ्या वाजवत "एक, दोन, तीन, चार" असं मोठ्याने मोजत फिरायच्या. सहा वाजता खिरापत. रोज एकीने झाकलेला डबा आणायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं, ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. बायका हसत घरी जायच्या. मॅडम कुलूप लावताना स्वतःशीच मान डोलवायच्या. सुखाने दोन रात्री झोप लागली नाही म्हणे.

नवव्या दिवशी जयवंताबाई आल्या. सौंसरजवळ त्यांचा संत्र्याचा बगिचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पांढुर्ण्यात मुलाकडे, वैभवकडे, राहायला आलेल्या. अठरा पायऱ्या चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून दोन टिपऱ्यांची टोकं बाहेर डोकावत होती. जुन्या टिपऱ्या, हात लागून लागून काळ्याभोर झालेल्या.

त्या टिपऱ्या एकतीसजणींनी पाहिल्या, आणि एकीनेही पाहिल्या नाहीत. दिसली ती काठी. "या काकू, बसा काकू," म्हणत पोरींनी वाकून नमस्कार केले. मॅडमनी स्वतः खिडकीजवळ खुर्ची मांडली, हॉलमधली एकुलती एक हाताची खुर्ची. वर पंखा लावला, पाठीला उशी दिली. खिरापतही पहिल्यांदा त्यांनाच ओळखायला दिली. जयवंताबाईंनी डब्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "सातूचं पीठ, गूळ घालून." बरोबर निघालं. टाळ्या पडल्या.

असे सहा दिवस गेले. सहाही दिवस खिरापत बरोबर ओळखली गेली आणि सहाही दिवस टिपऱ्या पिशवीत राहिल्या. सातव्या दिवशी खुर्ची रिकामी होती. आठव्याही.

मॅडमनी वैभवला फोन लावला. तो म्हणाला, "आई गेली ना सौंसरले. काय झालं तं सांगत नाई. नुसतं म्हनते का तिथं माहं काम नाई."

त्याच संध्याकाळी भाऊराव जिन्यात भेटले. "ते सौंसरवाली बाई दिसून नाई राहिली?"

"शेतीचं काम निघालं म्हणून गेल्या," मॅडम म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि जीभ चावली. वर्गात पोरं खोटं बोलली की डोळ्यांवरून ओळखणारी बाई. आज आपलेच डोळे कुठे लपवावे ते तिला कळेना. भाऊराव जिना उतरून गेले. पण मॅडमना कुलपाची भीती नव्हती, खरं सांगायचं तर. फळ्यावर 'सर्वांसाठी' असं त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं आणि ते आता धडधडीत चुकलेलं गणित होतं. ती बाई परत आली नाही, तर उरलेल्या एकतीसजणी कितीही छान नाचल्या तरी उत्तर चूकच येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सौंसरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत पाठ करत होत्या, काय बोलायचं ते: सुनेशी काही बिनसलं असेल तर समजूत घालू, जिना जड जात असेल तर दोन पोरी आणायला पाठवू. सगळ्या शक्यता मांडून झाल्या. आपण सोडून.

बगिच्यातल्या अंगणात सात-आठ बायका भुईमुगाच्या ढिगाभोवती बसून शेंगा तोडत होत्या. मध्ये जयवंताबाई, पाय लांब करून, हात सगळ्यांपेक्षा जोरात चाललेला. मॅडमना पाहताच त्यांनी हाक दिली.

"विजयमाला, मॅडमले खुर्ची आन वं! ते चांगली, हाताची."

तिथेच राहणाऱ्या थोरल्या सुनेने खुर्ची आणली आणि सासूने बोट दाखवलं तिथे, ढिगापासून वीस पावलांवर, कडुनिंबाच्या सावलीत मांडली. पाणी आलं, चहा आला, बशीत चिवडा आला. मॅडम म्हणाल्या, "जयवंताबाई, जरा बोलायचं होतं."

"बोलू ना. तुमी बसा आंधी आरामात."

मॅडम बसल्या. तिकडे ढिगाभोवती कुणीतरी काही बोललं आणि सगळ्या खिदळल्या. मॅडमना शब्द ऐकू आले नाहीत, तरी त्या उगाच हसल्या. थोड्या वेळाने त्या उठल्या, म्हणाल्या, "मीपण तोडू लागते शेंगा."

"नाई नाई मॅडम!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. "तुमी कायले? तुमी बसा."

परत बसल्या. परत हशा पिकला. कोणाच्या तरी जावयाची गोष्ट चालली होती. अर्धी वाऱ्याने इकडे येत होती, अर्धी तिकडेच राहत होती. चहाचा दुसरा कप आला. मॅडमच्या हातांना काही काम नव्हतं, ते मांडीवर पडून राहिले. छत्तीस वर्षं खडू धरलेले हात. असं परक्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं. इतकं गोड बोलून, पंचपक्वान्नं वाढून कुणी माणसाला बाजूला ठेवतं का?

आणि मग लख्खकन डोक्यात उजेड पडला. त्या खुर्चीच्या हातांकडे बघतच राहिल्या. रडूच यायचं बाकी होतं.

त्या उठल्या, पदर खोचला, कुणालाही न विचारता ढिगाशी जाऊन मातीत मांडी घातली आणि एक झाड ओढून शेंगा तोडू लागल्या.

जयवंताबाईंनी वरही पाहिलं नाही. "कळलं वाटते," म्हणाल्या.

"कळलं. चुकलं माझं."

"अर्धा घंटा बसल्या तुमी. मी सहा दिवस बसली. माह्या माहेरी मी टिपरी उचलल्याबिगर भुलाबाईचं गानं सुरू होत नव्हतं, मॅडम. तुमी मले विचारलं कधी, का काकू, खेळता का म्हनून? पाय पाह्यला अन खुर्ची देल्ली. मान देल्ला बाप्पा, लयच देल्ला. मान देऊन भिंतीले टेकवून ठेवलं."

मॅडमनी मान खाली घालून आणखी एक झाड ओढलं.

"अन आयका," जयवंताबाईंनी आवाज जरा खाली आणला, "खुर्चीवरून एक गोष्ट मात्र बराबर दिसते. तुमचा ठोका चुकते."

"माझा?"

"रोज. सगळ्याइच्या मांगून. तुमी आंधी मोजता, मंग मारता. तोंडानं चार म्हनता अन टिपरी साडेचारले लागते. एकतीस बायाइले ठाऊक हाय. पन मॅडम हायेत ना तुमी, कोन सांगन?"

मॅडमच्या हातातली शेंग हातातच राहिली. ठोका नीट बसत नाही हे त्यांनाही कळायचं, पण त्यांना वाटे की फरशी निसरडी आहे. दोन वेळा भाऊरावांना सांगून त्यांनी ती घासून घेतली होती. नाचता येईना, अंगण वाकडं! म्हणजे पोरी आदराने नमस्कार करत होत्या, आदराने मागे हसतही असतील, आणि मॅडम आदराच्या खुर्चीवर बसून गोलात फिरत होत्या. त्यांना आधी घाम फुटला, आणि मग काय झालं कोण जाणे, हसूच फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग जयवंताबाई हसल्या, मग अख्खा ढीग हसला, आणि या वेळी मॅडमना कळत होतं कशावर ते.

"चला परत," मॅडम म्हणाल्या. "पण गोल फिरतो भराभर. तुमच्या पायाचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

"आता विचारलं! सोपं हाय. आमच्या गावात दोन गोल राहत होते. आतला उभा, बाहेरचा फिरता. पोटुशी, म्हातारी, लंगडी, सगळ्या आतमंधी. फिरनारीनं एकेकीसमोर यायचं, ठोका द्यायचा, पुढं सरकायचं. ठोका सगळ्याइले सारखाच. उभी हाय म्हनून कोनाले हलका नाई."

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मांडीवर शेंगांचं गाठोडं होतं, खिरापतीसाठी.

हॉलवर जाण्याआधी मॅडमनी भाऊरावांचं दुकान गाठलं आणि किल्ली काउंटरवर ठेवली. "भाऊराव, त्या दिवशी खोटं बोलले मी. त्या शेतीसाठी गेल्या नव्हत्या. नाराज होऊन गेल्या होत्या. माझ्यामुळे."

भाऊरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन आता?"

"आता परत आल्यात. जिना चढताहेत."

"नाराज होऊन गेलेली बाई या हॉलात वापस आली, हे मी पैल्यांदाच आयकून राहिलो," भाऊराव म्हणाले आणि किल्ली परत पुढे सरकवली. "चपला तेवढ्या जिन्यात नका ठेवू."

वर जाऊन मॅडमनी फळ्यावरची शेवटची ओळ पुसली, दोन्ही रेघांसकट. तिथे लिहिलं: 'आधी विचारावं.' मग सगळ्यांना दोन गोलांची रीत सांगितली. आत कोण उभं राहणार, असं विचारताच दारात रोज उभी राहून बघणारी पूनम, सातवा महिना लागलेली, पहिल्यांदा चपला काढून आत आली. अंगणवाडीताईंची टाच दुखत होती, पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या; त्याही आत गेल्या. बघता बघता आतल्या गोलात नऊजणी झाल्या. मधोमध कुणीच नव्हतं, मोजायलासुद्धा नाही. हाताची खुर्ची कोपऱ्यात सरकली आणि तिच्यावर खिरापतीचा डबा बसला.

जयवंताबाईंनी डाव्या हाताने काठी रोवली, उजव्या हातात एकच टिपरी धरली आणि गाणं उचललं. आवाज असा खणखणीत निघाला की खाली स्कूटर लावणारा एकजण मान वर करून थांबला. बाहेरचा गोल फिरू लागला. मॅडम त्यात मागून तिसऱ्या होत्या. पूनमसमोर ठोका चुकला, पूनम गोड हसली. ताईंसमोर चुकला, ताईंनी दिसलं नाही असं दाखवलं. मग जयवंताबाई समोर आल्या. मॅडम मनात चार म्हणाल्या आणि त्यांची टिपरी उशिरा येऊन थेट जयवंताबाईंच्या बोटावर बसली.

गाणं थांबलं. गायत्रीने तोंडावर हात नेला.

"मॅडम, चुकलं," जयवंताबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पांढुर्ण्यात नलिनी मॅडमना हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"परत?" मॅडमनी विचारलं.

"परत. मोजू नका. माह्याकडे पाहा."

दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदाही. कुणी हसलं नाही, कुणी "असू द्या मॅडम" म्हटलं नाही, आणि त्या न म्हणण्यानेच मॅडमना फार आनंद झाला. चौथ्यांदा त्यांनी आकडे सोडून दिले. समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाहिलं, हात आपोआप वर गेला आणि टिपरीवर टिपरी वाजली. लाकडाचा भरगच्च आवाज, अगदी वेळेवर.

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या, शाबासकीची वाट बघत, पहिलीतल्या पोरीसारख्या.

"हं, आता पुढं सरका," जयवंताबाई म्हणाल्या. "मांगं लाईन लागून राहिली."