आर्डीची पट्टी

"रेकॉर्डवर फोटो तरी आत्ताचा टाकायचा की नाही? बायबलात त्या लाबानानं याकोबाला धाकटी दाखवली आणि थोरली गळ्यात बांधली, तसला प्रकार झाला हा."

फ्रीडा हे बोलली ती केसांना रोलर लावून घेता घेता, जोनेलच्या पार्लरमध्ये, नेल्डापासून हातभर अंतरावर. नेल्डाच्या डोक्यावर केस वाळवायचं ते मोठं घमेलं होतं. त्या घमेल्याखाली बसलेल्या बाईला ऐकू येत नाही अशी लिक फोर्कमधल्या समस्त बायकांची श्रद्धा आहे. खरं तर प्रत्येकीनं त्याखाली बसून इतरांचं सगळं ऐकलेलं असतं. पण आपली बोलायची पाळी आली की ते विसरायचं, असा रिवाज.

"गाणी जुनी, तर फोटोही जुनाच असणार ना," जोनेल म्हणाली. "आर्डिथबाई एकट्या गायल्यात अशी ती पहिलीच रेकॉर्ड. तेव्हा कंपनीनं फडताळात टाकली ती आता बाहेर काढली. मी तर रोज दुकान उघडलं की लावते."

"मग आज का नाही लावलीस?"

जोनेलनं आरशातून घमेल्याकडे पाहिलं. नेल्डानं मासिकाचं पान उलटलं.

"शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये गाणार आहेत ना त्या," जोनेल घाईनं म्हणाली. "नेल्डाबाईही गाणार आहेत बरोबर."

"हो का," फ्रीडा म्हणाली. "मग झालंच."

जोनेलनं रोलर जरा जोरात ओढला असावा, कारण फ्रीडा "आई गं" म्हणाली आणि विषय मेथडिस्ट चर्चच्या गळक्या छपराकडे वळला.

नेल्डा केस वाळवून, वर फवारा मारून, शिरस्त्राणासारखे घट्ट केस घेऊन बाहेर पडली. शनिवारसाठीच केले होते ते केस. गाडीत बसल्यावर मात्र तिला कळेना की दोन शब्द इतके का टोचावेत. मग झालंच. म्हणजे काय झालं?

टॅकेट बहिणी म्हटलं की केंटकीच्या या डोंगरपट्ट्यात अजूनही म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळतात. दुपारच्या रेडिओवर, जत्रेत, लग्नात, मयतीला, कुठंही या दोघी उभ्या राहायच्या. आर्डिथ थोरली, ती मुख्य सूर धरायची. नेल्डा धाकटी, ती त्याच्या वरचा. आर्डी भाकरी आणि मी लोणी, असं नेल्डा स्वतःच सांगायची. लोक हसायचे. कोरडी भाकरी कशी लागते हे कोणी बोलायचं नाही.

मग एका हिवाळ्यात आर्डी एकटी नॅशव्हिलला गेली. नेल्डाला तेव्हा सातवा महिना होता आणि निरोप द्यायला ती बस थांब्यावर गेली नाही. पाय सुजलेत म्हणाली. आर्डीनं तिथं रेकॉर्ड केली, आणि कंपनीच्या मालकाला वाटलं की असली गाणी आता कोणी ऐकत नाही. फिती डब्यात गेल्या, आर्डी बसनं परत आली. गावानं मयत झाल्यासारखी झाकलेली ताटं आणून दिली. नेल्डानं सुक्या सफरचंदाचा थराथरांचा केक केला. तो केक लग्नाला करतात. आर्डीनं त्याचे दोन तुकडे खाल्ले, छान झालाय म्हणाली, आणि पुढच्याच रविवारी दोघी चर्चमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून गायल्या. त्यावर पंचेचाळीस वर्षांत एक अक्षर नाही.

आता नॅशव्हिलच्याच कोणा पोरसवदा माणसाला त्या फिती सापडल्या होत्या. रेकॉर्ड निघाली, खोकी भरभरून आली. नेल्डाची प्रत वेष्टणासकट टीव्हीमागे उभी होती. सवड झाली की ऐकणार होती ती. कार्यक्रमाचं ठरलं तेव्हा आर्डीनं एकच अट घातली होती: नेल गाणार असेल तरच मी गाते. ते ऐकून नेल्डा रडली होती. या वेळी बहीण आपल्याला मागं टाकून जाणार नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी का होईना, शनिवारी तिच्या शेजारची जागा आपली. आणि त्यावर फ्रीडाचं हे मग झालंच.

घरी तिचा नवरा डॉयल व्हरांड्यात बसून शेंगा ओवत होता. सुई, जाड दोरा, आणि हिरव्या शेंगांची लांबच लांब माळ. वाळल्या की हिवाळाभर डुकराच्या चरबीत शिजवायच्या.

"मग झालंच म्हणजे काय रे?" नेल्डानं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"फ्रीडा."

"फ्रीडाचं तिचा नवरा ऐकत नाही, आणि तो तर कानात यंत्र घालतो."

"मी अर्थ विचारला. तिच्या नवऱ्याची तब्येत नाही विचारली."

डॉयल दोऱ्यात गाठ शोधायला लागला. गाठ नव्हती. पन्नास वर्षं या माणसानं दोघींच्या मागे उभं राहून गिटार वाजवली आणि पन्नास वर्षांत त्याला खोटं बोलताना समोर बघता आलं नव्हतं.

"झालंच म्हणजे ठरलंच," तो म्हणाला. "कार्यक्रम पक्का. असंच असेल. केस छान झालेत तुझे."

"केसांना हात लावू नकोस."

दुपारी आर्डी तालमीला आली, नेहमीसारखी स्वतःची उशी काखेत घेऊन. नेल्डाच्या सोफ्यावर तिचा जन्मापासून विश्वास नव्हता.

"केसांचं काय केलंस गं हे?" आर्डी म्हणाली. "वादळ आलं तर छप्पर उडेल, हे नाही हलणार."

"तू तुझ्या फोटोतल्या केसांचं बघ. याकोबाला फसवलंस म्हणतायत गावात."

"म्हणू देत. याकोब आता मिळायचा कुठं?"

हसल्या दोघी. मग पुलाच्या गाण्यापासून सुरुवात करायचं ठरलं. पुरात वाहून गेलेल्या पुलाचं ते गाणं त्यांच्या मामानं रचलेलं. दोघी लहानपणापासून गायच्या आणि आर्डीच्या रेकॉर्डवरही ते होतं. डॉयलनं गिटार मांडीवर घेतली. नेल्डा खिडकीपाशी पाठ टेकून उभी राहिली. आर्डीनं डोळे मिटले. गाताना ती डोळे मिटूनच उभी राहते.

डॉयलनं वाजवायला सुरुवात केली आणि नेल्डाला काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते कळायच्या आत आर्डी गायला लागली होती.

त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. त्या खाणीचं छत इतकं खाली की आठ तास माणसानं गुडघ्यांवर रांगायचं. बाहेर आले की वडील खाणीच्या तोंडाशी थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि हळूहळू एकेक मणका मोकळा करत उभे राहायचे. पूर्ण उभे राहिले की मुलींना दरवेळी आश्चर्य वाटायचं, की बाबा एवढे उंच आहेत. आर्डीचा आवाज तसा उभा राहिला. म्हातारा होता, कडेला जरा खरखरत होता, पण उभा राहिला आणि खोली भरून टाकली.

दुसऱ्या ओळीला नेल्डाची पाळी. तिनं तोंड उघडलं आणि आपल्या जागेवर जायला वर बघितलं, तर जागाच नव्हती. आर्डीच तिथं जाऊन पोचलेली. त्याच्या वर जायचं म्हणजे चुलीवरच्या किटलीसारखं शिट्टी मारत जायचं. तसाच एक आवाज तिच्या घशातून निघाला आणि तिनं त्याचं खोकल्यात रूपांतर केलं.

गिटार थांबली. आर्डीनं डोळे उघडले आणि आधी डॉयलच्या हाताकडे पाहिलं.

गिटारच्या गळ्यावर, चौथ्या पडद्यावर, चिमटा लावलेला होता. हा चिमटा लावला की तारा आखूड होतात आणि सगळी पट्टी वर चढते. टॅकेट बहिणींच्या साथीला तो कधी लागलाच नव्हता, वर्षानुवर्षं पेटीत पडून होता. आज डॉयलच्या बोटांनी तो आपणहून काढला आणि आपणहून लावला.

"चुकून," डॉयल म्हणाला.

"काढ तो," आर्डी म्हणाली. "कुठंही काय लावतोस."

"चौथ्यावर बरोबर कसा लागला, चुकून?" नेल्डानं विचारलं.

डॉयलनं चिमटा काढला. मग म्हणाला, "ट्रकमध्ये ऐकतो ना त्या गाण्यांची सीडी. बोटांना सवय झाली."

"हवा दमट आहे आज," आर्डी म्हणाली. "अशा हवेत नेलचा घसा धरतो. लहानपणापासूनचं आहे ते."

"धरतो खरा," डॉयल म्हणाला.

बाहेर कडकडीत ऊन होतं.

चिमटा पेटीत गेला. गाणं पुन्हा सुरू झालं, नेहमीच्या पट्टीत. नेल्डाचा सूर आपल्या जागी जाऊन बसला, दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कोणता कुणाचा हे आईलाही सांगता आलं नसतं. गोड होतं. रेडिओवाल्यांना आवडायचं ते हेच. पण नेल्डाला आज पहिल्यांदा दुसरंच ऐकू येत होतं. खालचा आवाज वाकून चालत होता. डोकं आपटू नये म्हणून जपत, सवयीनं, कुरकुर न करता.

तिसऱ्या कडव्याच्या आधीच ती थांबली. टीव्हीमागून रेकॉर्ड काढली, डॉयलच्या शेंगांच्या सुरीनं वेष्टण फाडलं.

"नेल, राहू दे," आर्डी म्हणाली. "जेवून घेऊ. मी मक्याचा पाव आणलाय."

"बस तू."

एक अख्खी बाजू तिघांनी ऐकली. एकोणतीस वर्षांची आर्डी गात होती आणि चौऱ्याहत्तर वर्षांची तीच आर्डी उशीवर बसून स्वतःच्या नखांकडे बघत होती. त्या आवाजाला लोणी नको होतं. काहीच नको होतं. मागे गिटारसुद्धा अदबीनं वाजत होती. बाजू संपली, सुई खरखरत राहिली, आणि ती उचलायला कोणी उठेना. शेवटी डॉयल उठला.

"ही पट्टी तुझी," नेल्डा म्हणाली.

"तेव्हाची. आता वय झालं."

"तासाभरापूर्वी होती की."

"पट्टीचं काय घेऊन बसलीस?" आर्डी म्हणाली. "गाणं महत्त्वाचं."

"नेल्डानं खालून धरला सूर तर?" डॉयल म्हणाला. "आर्डी वर, तू खाली. बसेल."

"एकाहत्तराव्या वर्षी मी तळघरात राहायला जाऊ?" नेल्डा म्हणाली. "आणि तू बोलू नकोस. पन्नास वर्षं चिमटा पेटीत ठेवून गप्प बसलास."

"मला आर्डीनं सांगितलं होतं," डॉयल म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

नेल्डा बहिणीकडे वळली. आर्डीनं उशी मांडीवर घेतली होती, घरी निघायच्या वेळी घेते तशी.

"तू किती लहान होतीस," आर्डी म्हणाली. "वर जायला लागलीस की तुझा चेहरा लाल व्हायचा. आणि तुला एवढं आवडायचं गायला. मी दोन पायऱ्या खाली उतरले तर काय बिघडलं? घरचंच होतं सगळं."

"मग नॅशव्हिलला का गेलीस?"

"एकदा बघायचं होतं."

"काय?"

आर्डीनं उशीची खोळ सरळ केली. डॉयल शेंगांच्या माळेकडे बघत होता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. फ्रीडाला, जोनेलला, रेडिओवरच्या त्या मेलेल्या निवेदकाला, बहुधा आईलाही. घमेल्याखाली बसलेली मात्र ही एकटीच होती.

"शनिवारी तू नसशील तर मी गाणार नाही," आर्डी म्हणाली. "हे मी आधीच सांगितलंय."

"सांगितलंस. आणि मला किती बरं वाटलं होतं ते ऐकून." नेल्डानं रेकॉर्ड पाकिटात परत सरकवली. "आर्डी, ऐक. मी तुझ्याबरोबर गाते म्हणून तुझं गाणं चांगलं होत नाही. तू एकटी असलीस की होतं. शनिवारी तू एकटीच गा, तुझ्या पट्टीत."