आबांच्या थेंबाची वाट

मित्रांनो, मी एक जुना मापाचा मग आहे. पोटावर रेघा आणि कानाला चीर. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या भावंडांना स्वयंपाकघरं मिळाली. कुणी दूध मोजलं, कुणी सरबत. माझ्या वाट्याला मूत्रपिंडाच्या रुग्णांचा वॉर्ड आला आणि काम काय, तर लघवी मोजायची! सुरुवातीला मी फार खट्टू झालो. आता म्हणतो, नशीब काढलं.

हे घडलं आबांमुळे. आबा बियाण्यांच्या गोदामाचे राखणदार. बियाण्याजवळ पाण्याचा थेंब न्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. बरेच दिवस बंद असलेली खोली त्यांनी उघडली आणि उंदरांच्या लेंड्या कोरड्याच खसाखसा झाडल्या. त्या धुळीतून एक विषाणू श्वासाबरोबर आत गेला. काही आठवड्यांनी ताप आला, कंबर धरली, डोळे लाल झाले. मग मूत्रपिंडांनी कामच टाकलं.

यंत्रानं रक्त शुद्ध करावं लागत होतं. आबांची शिवणकाम करणारी लेक सारखी माझ्यात डोकावायची. तळ जेमतेम ओला दिसला की तिचा चेहरा उतरायचा आणि ती देवाला हात जोडायची. मला कान आहे, हात नाहीत. नाहीतर मीही जोडले असते.

एका सकाळी मी पहिल्या रेघेच्या वर गेलो. दुपारी तर काठोकाठ!

"आबांची किडनी जागी झाली गं!" नर्सताई ओरडल्या. लेक हसता हसता रडायला लागली. इतका भरून मी कधीच पावलो नव्हतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "खोली आधी उघडी ठेवा, हवा खेळू द्या. मास्क, हातमोजे घाला. जंतुनाशक शिंपडा, थोडं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसा. कोरडा झाडू बंद."

"आणि बियाणं भिजलं तर?"

"पोती झाकू की, आबा," लेक म्हणाली. "बियाणं दुसरं मिळेल. तुम्हाला कुठून आणू?"

आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, असाच एक नवा मग कुठे मिळेल? जंतुनाशक मोजायला."

आज माझा धाकटा भाऊ त्या गोदामात रुबाबात कामाला आहे. मित्रांनो, धान्य झाकून ठेवा, उंदरांची बिळं बुजवा. आणि लघवी कमी झाली तर लाजू नका, घरात सांगा.

माझ्या रेघा आता पुसट झाल्यात. तरी आबा तपासणीला आले की माझ्या चिरलेल्या कानाला हळूच हात लावतात.

"आबा, आता हात धुवा!" नर्सताई दटावतात.

आबा मुकाट्यानं धुतात. दूध मोजणाऱ्या भावंडांना असं कुणी भेटायला येतं का, मला ठाऊक नाही.